गुंडोपंत शेकरू आणि दोन चपळ डिस्का

एका जंगलात, मुलांनो, वीज होती. ती कुठून येत होती ते विचारू नका. गोष्टीतला वाघ बोललेला तुम्हाला चालतो, मग विजेनंच तुमचं काय घोडं मारलंय?

तर त्या जंगलात आईनाच्या उंच झाडावर गुंडोपंत नावाचं एक शेकरू राहत होतं. शेकरू म्हणजे मोठी खार. पाठ तांबूस, शेपूट झुबकेदार, आणि उडी अशी की या झाडावरून त्या झाडावर जाताना जमिनीला पाय लागला तर घराण्याला बट्टा लागतो. गुंडोपंत मात्र हल्ली उड्या मारायला फारसे बाहेर पडत नसत. त्यांनी घरी सर्व्हर बसवला होता.

सर्व्हर म्हणजे काय, असं त्यांना कुणी विचारलं की त्यांचे डोळे चमकायचे आणि विचारणाऱ्याची दुपार जायची. मी थोडक्यात सांगतो. सर्व्हर ही एक पेटी असते. घरातल्या सगळ्यांचे फोटो, याद्या, आवाज, सगळं तिच्यात ठेवायचं. ती दिवसभर घुर्र करते. मालक तिच्याशेजारी बसून ती घुर्र करते आहे ना, एवढं बघतो.

गुंडोपंतांच्या पेटीत सहा डिस्का होत्या. चार मोठ्या, पण सुस्त. दोन लहान, पण भलत्याच चपळ. बाहेरून जे काही येईल ते आधी चपळ डिस्कांवर उतरायचं. मग रोज दुपारी, मंडळी वामकुक्षी घेत असताना, एक प्रोग्रॅम ते सगळं उचलून मोठ्या डिस्कांवर नेऊन ठेवायचा. गुंडोपंतांनी त्याचं नाव हमाल ठेवलं होतं. चपळ डिस्कांच्या जोडीला जाणकार लोक कॅश म्हणतात. तिचा पैशाशी काही संबंध नाही, फक्त ती घ्यायला पैसे पडतात.

गुंडोपंतांच्या बायकोचं नाव गोदूबाई. त्यांना सर्व्हरमधलं काही कळत नव्हतं आणि झाडांमधलं सगळं कळत होतं. तेरा वर्षं त्या एक पंचांग लिहीत होत्या. पहिली चार वर्षं माहेरी, म्हणजे डोंगरापलीकडच्या रानात, आणि पुढची नऊ सासरी. कुठला हिरडा वर्षाआड लागतो, कुठला उंबर दोनदा पिकतो आणि दुसऱ्या खेपेला त्यात किडेच जास्त असतात, कुठल्या रायवळ आंब्याकडे माकडं आधी पोचतात, आणि शेकरं खाणारी ती मेली मोरघार सकाळच्या वेळी कुठल्या शेंड्यावर दबा धरून बसते, हे सगळं त्यात होतं.

आता शेकरांची एक रीत सांगतो. शेकरू एकच घरटं बांधत नाही. सहा-सात बांधतं. एकात राहायचं, बाकीची शत्रूला चकवायला आणि अडीअडचणीला. गोदूबाई प्रत्येक घरट्यात सालीच्या तुकड्यांवर दातांनी कोरलेली पंचांगाची एकेक नक्कल ठेवत. पाऊस सरला की या कामात त्यांचे चार दिवस जायचे.

सर्व्हर आल्यावर गुंडोपंतांना हे बघवेना.

"अगं, सात ठिकाणी तेच ते?" ते म्हणाले. "याला पसारा म्हणतात."

"आमच्यात असंच करतात," गोदूबाई म्हणाल्या.

"आपल्यात असंच करतात म्हणून तर आपण अजून झाडावर राहतो!"

झाडावर राहण्यात काय वाईट आहे हेच गोदूबाईंना कळलं नाही. गुंडोपंतांनी सगळ्या साली गोळा केल्या, त्यांचे फोटो काढून सर्व्हरवर चढवले आणि राहतं सोडून बाकीची घरटी मोडून टाकली. साली खाली टाकल्या. वाळवीनं आठ दिवसांत त्यांचा फन्ना उडवला.

काही दिवसांनी गोदूबाईंनी एक तक्रार केली. पंचांग उघडायला वेळ लागतो म्हणाल्या. मोठ्या सुस्त डिस्केवरून ते यायचं, आणि तोवर उंबरावर हरियालांचा थवा उतरून गेलेला असायचा.

गुंडोपंतांचं बायकोवर प्रेम होतं, हे मी मुद्दाम सांगतो. नाहीतर तुम्ही त्यांना दुष्ट समजाल आणि गोष्ट सोपी होऊन बसेल. त्यांनी त्याच दिवशी सर्व्हरमध्ये एक सूचना लिहिली: पंचांगाचं फोल्डर कायम चपळ डिस्कांवरच ठेवावं. हमालानं त्याला हात लावू नये.

त्या दिवसापासून पंचांग टिचकी मारताच उघडू लागलं. गोदूबाई खूश झाल्या. त्या दिवशी गुंडोपंतांना जेवणात फणसाचे दोन गरे जास्त मिळाले. गरे खाऊन ते झोपले आणि उठेपर्यंत ती सूचना विसरले.

असं एक वर्ष गेलं.

त्यांची मुलगी तुळसा वयात आली. शेकरांत अशी पद्धत की पाऊस सरला की वयात आलेल्या लेकरानं आईबापाचं रान सोडायचं आणि डोंगरापलीकडे स्वतःचं रान धरायचं. आईनं शिवेच्या झाडापर्यंत जायचं, तिथे पंचांग लेकराच्या हाती द्यायचं आणि मागे फिरायचं. पुढे एक फांदीसुद्धा जायचं नाही. गेली तर चार शेकरं नावं ठेवतात. तुळसानं परवा निघायचं ठरलं होतं. ती जाणार होती ते रान गोदूबाईंच्या माहेरचं होतं, आणि तिथलं ओळखीचं असं तुळसाकडे त्या पंचांगाशिवाय काहीच नव्हतं.

नेमकं तेव्हाच सर्व्हरप्रेमी मंडळात एक संदेश आला.

हे मंडळ म्हणजे घरी सर्व्हर असलेल्या जंगलातल्या नऊ प्राण्यांचा ग्रुप. त्याचे अध्यक्ष होते धनेशराव. धनेश पक्षी तुम्हाला ठाऊक असेल. मोठी वाकडी चोच असते आणि विणीच्या दिवसांत तो बायकोला झाडाच्या ढोलीत ठेवून दार चिखलानं लिंपून टाकतो. एका फटीतून तिला फळं भरवतो. त्यामुळे माहितीच्या सुरक्षिततेवर बोलण्याचा अधिकार धनेशरावांकडे चालत आला होता.

धनेशरावांनी लिहिलं होतं: "कॅशवर जुनी मांडणी अजून कोण वापरतं? नव्या मांडणीनं वेग अकरा टक्क्यांनी वाढतो. मी कालच सगळं पुसून नव्यानं फॉरमॅट केलं."

खाली सात जणांनी अंगठे दाखवले होते. आठवे गुंडोपंत तेवढे राहिले होते. त्यांच्या डिस्कांवर माहिती रचून ठेवायची जुनीच मांडणी होती. त्यांच्या कानांवरचे केस उभे राहिले. अकरा टक्के! आपल्या घरात रोज अकरा टक्के वाया जातात आणि आपण गरे खात बसलोय!

"मी आज सर्व्हर बंद ठेवणार आहे," त्यांनी सकाळी जाहीर केलं. "चपळ डिस्का पुसून नव्यानं फॉरमॅट करायच्यात."

"आज?" गोदूबाई म्हणाल्या. "परवा पोर निघालीय. आज काय अडलंय?"

"जाण्याआधी तिला पंचांग वेगानं मिळेल."

"आत्ताही मिळतंच की."

"अकरा टक्के, अगं!"

गोदूबाईंनी हातातलं बेहड्याचं बी बाजूला ठेवलं. "माझं पंचांग नीट राहील ना?"

"दोन-दोन डिस्कांवर आहे. एक गेली तरी दुसरी असते. तुझ्या साली होत्या तसंच समज."

"आणि आज पुसताय कुठली?"

"दोन्ही."

गोदूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"तसं नाही गं," गुंडोपंत हसले. "आधी हमाल सगळं उचलून मोठ्या डिस्कांवर नेतो. मग पुसायचं, मग परत आणायचं. तुला नाही कळायचं."

एक गोष्ट मान्य करायला हवी. गुंडोपंतांनी सगळं शिस्तीत केलं. त्यांनी कागदावर कामांची यादी केली आणि प्रत्येकापुढे चौकट काढली. सर्व्हरची बाकीची कामं थांबवली, बरोबर. हमालाला हाक मारली, बरोबर. हमाल तासभर राबला आणि त्यानं कळवलं: सांगितलेलं सर्व हलवलं. चुका शून्य. गुंडोपंतांनी तिथेही बरोबरची खूण केली.

चपळ डिस्केवर मात्र थोडी जागा अजून भरलेलीच दिसत होती. फार नाही. भांडं उलटं केल्यावर तळाला काहीतरी चिकटून राहतं, तेवढीच.

काय असेल हे? गुंडोपंतांनी क्षणभर विचार केला. मग त्यांना वाटलं, असेल काहीतरी उरलंसुरलं. हमालानं चुका शून्य सांगितल्या आहेत. हमाल कधी खोटं बोलत नाही. आणि मुलांनो, हमाल खरंच खोटं बोलला नव्हता. त्याला ज्याला हात लावू नकोस म्हणून सांगितलं होतं, त्याला त्यानं हात लावला नव्हता. इतका आज्ञाधारक नोकर मिळायला भाग्य लागतं.

पेटीनं विचारलं: पुसायचं? खात्री आहे? 'होय' लिहा.

गुंडोपंतांनी 'होय' लिहिलं.

पेटीनं पुन्हा विचारलं: हे परत मिळणार नाही. खात्री आहे?

आता गुंडोपंतांना जरा राग आला. आपल्याच पेटीनं आपल्यावर असा अविश्वास दाखवावा? त्यांनी 'होय' इतक्या जोरात लिहिलं की फांदी हलली.

डिस्का पुसायला अर्धा मिनिटही लागलं नाही. मग त्यांनी नवी मांडणी घातली, हमालाला सगळं परत आणायला लावलं आणि वेग मोजला. अकरा नव्हे, चक्क चौदा टक्के! त्यांनी ताबडतोब आकड्याचा फोटो काढून मंडळाला पाठवला. आठही जणांनी अंगठे दाखवले. धनेशरावांनी तर दोन दाखवले. तेव्हा गुंडोपंत इतके आनंदात होते की एक उडी मारून आले.

संध्याकाळी तुळसा म्हणाली, "बाबा, पंचांग माझ्याकडे उतरवून द्या ना."

गुंडोपंतांनी टिचकी मारली. फोल्डर सापडत नाही, असं उत्तर आलं. ते चौदा टक्के जास्त वेगानं आलं.

"होतं असं," ते म्हणाले. "नवी मांडणी आहे. त्याला जरा सावरू दे."

मग त्यांनी चारही मोठ्या डिस्का धुंडाळल्या. तिथे त्यांच्या स्वतःच्या व्याख्यानाच्या सहा चित्रफिती होत्या. सर्व्हरचे सर्व बाजूंनी काढलेले नऊशे फोटो होते. इतरांकडून आणलेले आणि कधीही न पाहिलेले दोनशे सिनेमे होते. सगळं जागच्या जागी, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. पंचांग तेवढं नव्हतं.

आणि तेव्हा त्यांना ती सूचना आठवली. हमालानं हात लावू नये. ती त्यांनीच लिहिली होती. दोन गरेही आठवले.

त्यांनी धनेशरावांना फोन केला.

"बॅकअप कुठेय?" धनेशरावांनी विचारलं.

"दोन डिस्का होत्या ना. दोन्हीवर तेच होतं."

"अहो, तो बॅकअप नव्हे, आरसा! आरशासमोरचं शेकरू उठून गेलं की आरशातलं राहतं का?"

"मग आता परत काढता येईल?"

"मोठ्या सुस्त डिस्केवर असतं तर कदाचित. चपळ डिस्क पुसली की पुसली. ती पुसण्यातही चपळ असते." धनेशरावांनी घसा खाकरला. "तुमचा चौदाचा आकडा मात्र पक्का ना? मी अकरालाच अडकलोय."

गुंडोपंतांनी फोन ठेवला. आकडा कसा आणला हे सांगायची त्या दिवशी त्यांना इच्छा झाली नाही. त्यांच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडलं.

बायकोला सांगणं भाग होतं. ते दोनदा फांदीच्या टोकापर्यंत जाऊन परत आले. त्यांना लाज वाटत होती आणि भीतीही वाटत होती. शेवटी त्यांनी सगळं सांगितलं. यादी, हमाल, शून्य चुका, 'होय', पुन्हा 'होय', काहीही लपवलं नाही.

ऐकून झाल्यावर गोदूबाईंनी विचारलं:

"ते हलवू नको म्हणून हमालाला तुम्हीच सांगितलं होतंत?"

"हो. तुला पटकन उघडावं म्हणून."

"म्हणजे माझ्यासाठीच."

"तुझ्यासाठीच गं."

"मग तुम्हाला बोलू तरी कसं?" असं म्हणून गोदूबाई रडू लागल्या. तेरा वर्षं त्या झाडन् झाड फिरल्या होत्या. पाऊस अंगावर घेतला होता, मोरघारीच्या नखांतून दोनदा सुटल्या होत्या. ते सगळं दुपारच्या एका 'होय'नं गेलं होतं. त्यांचा नवरा समोर तोंड पाडून बसला होता आणि त्याच्यावर धड ओरडताही येत नव्हतं.

तुळसा जवळ येऊन बसली. "आई, तुला तर सगळं पाठच असेल ना? तू सांग, मी ऐकते."

गोदूबाईंनी डोळे पुसले आणि सांगायला सुरुवात केली. "शीव ओलांडली की पहिला हिरडा. तो यंदा लागणार नाही, पुढच्या वर्षी. त्याच्या खालच्या अंगाला उंबर. मोरघार बसते ती समोरच्या सुकलेल्या सावरीवर, उन्हं वर येईपर्यंत. तिथून ओढा लागतो. ओढ्यावर मोठी जांभळी आहे. तिच्यावरूनच पलीकडे उडी मारता येते, दुसरी वाट नाही. तिला दोन फांद्या आहेत. एक आतून पोकळ आहे. तिच्यावर पाय ठेवायचा नाही."

"कुठली? डावी का उजवी?"

गोदूबाई थांबल्या.

"डावी... नाही, उजवी. थांब हं." त्यांनी डोळे मिटले. "माझ्या डोळ्यांसमोर होती गं. अगदी परवापरवापर्यंत होती. मग टिचकी मारली की दिसायला लागली ना, तेव्हापासून आठवायची वेळच आली नाही."

"खाली खोल आहे का?"

"आहे," गोदूबाई म्हणाल्या. "खडक आहेत."

सर्व्हर घुर्र करत होता. गुंडोपंतांना आयुष्यात पहिल्यांदा त्या आवाजाचा राग आला. त्यांनी उठून पेटीचं बटण बंद केलं, पण त्यामुळे कुणालाच काही आठवलं नाही.

परवाचा दिवस उजाडला. सगळी शेकरं शिवेच्या झाडापर्यंत निरोपाला आली. तुळसानं पलीकडच्या फांदीवर उडी मारली. आणि रीत अशी की आता आईनं मागे फिरायचं. गोदूबाईंनी शेपूट सावरलं आणि पोरीच्या मागोमाग पलीकडे उडी मारली.

शेकरांत कुजबुज सुरू झाली. "अगो बाई, ही कुठे निघाली?"

"अगं!" गुंडोपंत ओरडले. "तू कुठे चाललीस?"

"पोरीबरोबर. रानाचा एक फेरा पुरा होईपर्यंत. वर्षभर लागेल."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

"आणि मी?"

गोदूबाईंनी वळून बघितलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, हेच गुंडोपंतांना फार लागलं. "तुम्ही जेवत जा वेळेवर," त्या म्हणाल्या. "बेहडे ढोलीत ठेवलेत." आणि त्या पानांत दिसेनाशा झाल्या.

गुंडोपंत घरी आले. पहिले दोन दिवस त्यांनी सर्व्हरकडे पाहिलंही नाही. ढोलीतले बेहडे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हते. तिसऱ्या दिवशी वाटलं, निदान चालू आहे का ते तरी बघावं. चालू केला. घरात आता कुणी काही ठेवत नव्हतं, कुणी काही मागत नव्हतं, त्यामुळे तो वाऱ्यासारखा धावत होता. त्यांनी वेग मोजला. बावीस टक्के!

मंडळात खळबळ उडाली. बावीसचा आकडा त्या जंगलात कुणी पाहिला नव्हता. धनेशराव जातीनं भेटायला आले. वार्षिक संमेलनात 'कॅश निर्भयपणे कशी पुसावी' या विषयावर गुंडोपंतांचं व्याख्यान ठेवलं. व्याख्यानात त्यांनी आपल्या हातून एक छोटीशी चूक झाल्याचं सांगितलं. ऐकून सगळ्यांचे डोळे पाणावले. नंतर चहाच्या वेळी दोन साळिंदरांनी आणि एका उदमांजरानं त्यांना आपापल्या डिस्का पुसून देण्यासाठी घरी बोलावलं. अनुभवी हात बरा, असं उदमांजर म्हणालं.

थंडी पडायला लागली तशी डोंगरापलीकडून एक हरियाल पक्षीण निरोप घेऊन आली.

"गोदूबाईंनी सांगितलंय," ती म्हणाली. "ओढ्यावर त्या पुढे झाल्या. पोरीला म्हणाल्या, माझ्या मागून ये, मी पाय ठेवीन तिथे लगेच ठेवू नको. आणि डावीवर पाय ठेवला. मोडली."

गुंडोपंत तिच्याजवळ सरकले. "मग?"

"खाली गेल्या. वेलीत अडकल्या म्हणून खडकांवर नाही आपटल्या. शेपूट अर्धं गेलं. आता त्यांना लांब उडी जमत नाही. त्यामुळे परत येणं काही..." हरियाल जरा घुटमळली. "ते बघू म्हणाल्यात. पोर उजवीवरून पलीकडे गेली. ती चांगली आहे. उंबरसुद्धा सापडला."

गुंडोपंत रडले. खरंच रडले, त्यात काही खोटं नव्हतं. हरियालनं मान दुसरीकडे वळवली.

"आणखी काही म्हणाली?" त्यांनी नाक पुसत विचारलं.

"हो. म्हणाल्या, डावी. एवढं ध्यानात ठेवा. आणि कुठेही लिहून ठेवू नका म्हणावं."

पण हरियालचं बोलणं पुरं व्हायच्या आत गुंडोपंतांनी नवं फोल्डर उघडलं होतं. 'डावी' हा शब्द त्यांनी दोन्ही चपळ डिस्कांवर लिहिला, आणि कुणी हलवू नये अशी हमालाला सूचनाही दिली.

तात्पर्य: पुसण्याआधी आत काय आहे ते उघडून बघू नये. बघितलं की पुसायला हात धजत नाही, आणि मग वेग कसा वाढणार?